बाबांची व्हिटॅमिन डी-ची पाकिटं आणि फुप्फुसातलं एलएल-३७

पारिजात_नागपूर (धागाकर्ती) | रात्री ९:४०

नमस्कार. मी नागपुरात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. धागा मोठा झालाय, पण कृपया पूर्ण वाचा. अर्धी माहिती ऐकून थांबल्यामुळे काय होतं ते आमच्या घरी नुकतंच घडलंय, आणि ती अर्धी माहिती मीच दिली होती.

बाबा ७१ वर्षांचे. २८ वर्षं कापड गिरणीच्या ब्लो रूममध्ये काढली, म्हणजे कापसाची धूळ सगळ्यात जास्त उडते तिथे. जोडीला बिडी. ती सुटून बारा वर्षं झाली, पण सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद होऊन दम लागण्याचा कायमचा आजार, राहिला. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस रक्तात व्हिटॅमिन डी फार कमी निघालं. डॉक्टरांनी ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असं लिहून दिलं. त्याच सुमारास एकदा जेवताना मी बाबांना सांगितलं, की आपल्या फुप्फुसात जंतू मारणारी छोटी प्रथिनं तयार होतात आणि त्यातल्या एकाचा, एलएल-३७ चा, जीन व्हिटॅमिन डी-मुळे चालू होतो. बाबांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं. त्यांना श्वासाची भीती वाटते, विशेषतः थंडीत. दिवाळीपासून त्यांनी ते पाकीट रोज घ्यायला सुरुवात केली. औषधाच्या दुकानातून चिठ्ठी न बघता दर वेळी दहा-दहा पाकिटं मिळत गेली.

संक्रांतीला तिळगूळ समोर ठेवला तर त्यांना वासही नकोसा झाला. उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, आणि दोन दिवसांनी बोलण्यात गोंधळ. व्हिटॅमिन डी अति झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. ते १३.८ आलं, साडेदहाच्या आत असायला हवं. मूत्रपिंडावरही ताण आला होता. सहा दिवस सलाईनवर होते. आता घरी आहेत, बरे आहेत.

तर त्या दिवशी मी काय सांगितलं, आणि काय सांगायचं राहिलं?

आपण दिवसाला साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. वायुकोश उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा होते, म्हणजे एखाद्या टू-बीएचके फ्लॅटएवढी. एवढा पसारा बाहेरच्या हवेला उघडा आहे आणि तरी बहुतेकांचं फुप्फुस बहुतेक दिवस निरोगी राहतं. चिकट स्राव कचरा पकडतो, पेशींवरची केसांसारखी लव तो वर ढकलते, आपण खाकरतो. हे आपल्याला दिसतं. न दिसणारं काम त्या पातळ द्रवात विरघळलेले रेणू करतात. १९२१ साली अलेक्झांडर फ्लेमिंगने सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातला शेंबूड जंतूंच्या थाळीवर टाकला आणि आसपासचे जंतू विरघळताना पाहिले. तो लायसोझाइम, पुढच्या वर्षी त्याने त्यावर लेख प्रसिद्ध केला. पेनिसिलिन त्यानंतरचं, १९२८ चं. लायसोझाइम हे एन्झाइम आहे, पण आपल्या अंगातच जंतुनाशक असतं ही जाणीव तिथून पक्की झाली.

खरे छोटे पेप्टाइड, म्हणजे ती जंतू मारणारी छोटी प्रथिनं, नंतर सापडले. १९८७ मध्ये मायकेल झास्लॉफ या अमेरिकी संशोधकाला प्रश्न पडला, की प्रयोगशाळेतल्या बेडकांच्या पोटावर शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा घाण पाण्याच्या टाकीत सोडतो, तरी टाके चिघळत का नाहीत? बेडकाच्या कातडीतून त्याने ते पेप्टाइड वेगळं काढलं. माणसात अशा पेप्टाइडांची दोन मोठी कुटुंबं आहेत. पहिलं डिफेन्सिन. त्यातले अल्फा प्रकारातले काही न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या पोटात भरून ठेवलेले असतात. बीटा प्रकारातले श्वासमार्गाच्या अस्तराच्या पेशी बनवतात: बीटा-१ कायम थोडं थोडं स्रवत असतं, बीटा-२ मात्र जंतूची चाहूल लागल्यावरच. दुसरं कुटुंब कॅथेलिसिडिन. माणसाच्या वाट्याला त्यातलं एकच आलंय. मोठ्या प्रथिनाचा शेवटचा तुकडा कापला जातो आणि ३७ अमिनो आम्लांची साखळी सुटी होते. सुरुवातीला ल्युसिन हे अमिनो आम्ल दोनदा, त्याचं इंग्रजी अक्षर एल, म्हणून नाव एलएल-३७.

यांची मारण्याची पद्धत मला फार सुंदर वाटते. या पेप्टाइडांवर धन भार असतो. जंतूच्या पटलाच्या, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाच्या, बाहेरच्या बाजूला ऋण भाराची चरबी असते, आपल्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला ती जवळजवळ नसते आणि वर कोलेस्टेरॉलमुळे आपलं पटल घट्टही असतं. त्यामुळे पेप्टाइड जंतूला ओढीने चिकटतं, पटलात घुसतं, भोकं पाडतं, आणि जंतू गळून मरतो.

इथपर्यंत मी बाबांना सांगितलं होतं. पुढचं राहिलं ते असं. 'जवळजवळ नसते' म्हणजे अजिबात नसते असं नाही. प्रमाण वाढलं की हेच रेणू आपल्याही पेशी फोडतात. शिवाय ते नुसते मारेकरी नाहीत, निरोपेही आहेत. एलएल-३७ पांढऱ्या पेशींना 'इकडे या' असा संकेत देतं. अल्फा डिफेन्सिन अस्तराच्या पेशींना आयएल-८ नावाचा संदेश सोडायला लावतं, त्याने आणखी न्यूट्रोफिल येतात, ते फुटून आणखी डिफेन्सिन सांडतं. म्हणजे दाह स्वतःच स्वतःला सरपण घालतो. उलट एलएल-३७ मेलेल्या जंतूंचं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, पकडून ठेवून दाह कमीही करतं. एकच रेणू कुठे, किती आणि कोणाच्या सोबत आहे यावर तो काय करेल ते ठरतं.

मी विद्यार्थ्यांना संडासातल्या ॲसिडचं उदाहरण देते. डाग जातो, पण ओतून विसरलं तर फरशीची चमकही जाते. बाबांना मी फक्त डाग जातो एवढंच सांगितलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा शब्दप्रयोगच सीओपीडीच्या घरात धोक्याचा आहे. तिथे ती आधीच चुकीच्या जागी, चुकीच्या प्रमाणात पेटलेली असते. जाणकारांनी दुरुस्त करावं, भर घालावी.

---

सावनेरचा_भाऊ | रात्री १०:१५

ताई, बाबांची काळजी घ्या. लय चांगलं समजावून सांगितलं तुम्ही. मले एक सांगा, नागपूरच्या उन्हात आपण असे भाजून निघतो, पारा ४५ च्या वर जाते, तरी बी व्हिटॅमिन डी कमी काहून येते? आमच्या घरी तिघाचं तपासलं, तिघाचं बी कमी. माय तर रोज अंगणात वाळवणं घालते.

---

पारिजात_नागपूर | रात्री १०:३२

भाऊ, प्रश्न अगदी बरोबर आहे. उन्हाची उष्णता आणि व्हिटॅमिन डी यांचा संबंध नाही. त्वचेत ते बनतं अतिनील बी किरणांमुळे, आणि ते किरण सूर्य डोक्यावर असतानाच भरपूर मिळतात. नेमकं तेव्हाच आपण खस लावलेल्या कूलरसमोर असतो, आणि असायलाच हवं, ऊन लागून जीव जातो इथे. बाहेर पडलो तर दुपट्टा, टोपी, पूर्ण बाह्या. काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग होत नाही, कारण काच ते किरण अडवते. सावळ्या त्वचेला तेवढंच बनवायला जास्त वेळ लागतो. आईचं म्हणाल तर वाळवण सकाळी लवकर घालतात, डोक्यावर पदर असतो. शिवाय हवेतली धूळ आणि धूर किरणांना गाळतात. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको.

कमी असेल तर डॉक्टरांना विचारून जरूर भरून काढा. भरून काढणं वेगळं आणि ओतत राहणं वेगळं.

---

श्वासमार्ग | रात्री ११:०५

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, विदर्भातच काम करतो. पारिजातताई, तुम्ही स्वतःला फार दोष देऊ नका. आठवड्याचं पाकीट रोज घेतलेले रुग्ण मी स्वतः पाहिले आहेत. चिठ्ठीवर वार लिहावा, 'दर रविवारी' असं, हे मी त्यातून शिकलो.

सीओपीडीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, थोडी भर घालतो. या रुग्णांच्या बेडक्यात, म्हणजे खोकून पडणाऱ्या कफात, न्यूट्रोफिलच्या डिफेन्सिनचं आणि एलएल-३७ चं प्रमाण कमी नसतं, बऱ्याचदा वाढलेलं असतं. मग जंतू का टिकतात? कारण न्यूट्रोफिल फुटताना डिफेन्सिनबरोबर इलास्टेजसारखी प्रथिनं कापणारी एन्झाइमंही सांडतात. ती फुप्फुसाची लवचिक जाळी खातात, त्यातून एम्फायसेमा होतो, म्हणजे वायुकोशांच्या भिंती तुटतात. आणि तीच एन्झाइमं काही पेप्टाइडही चिरून टाकतात. दुसरीकडे सिगारेटच्या धुरामुळे एक एन्झाइम वाढतं, ते एलएल-३७ च्या धन भाराच्या जागाच बदलून टाकतं. भार गेला की चिकटण्याची ओढ गेली. तपासणीत रेणू दिसतो, काम मात्र करत नाही. म्हणून 'पातळी किती' या आकड्याने फसू नये.

एक नाजूक मुद्दा. सीओपीडीत पंपातून दिलं जाणारं स्टेरॉइड काही रुग्णांत न्यूमोनियाचा धोका वाढवतं हे आम्हाला बरीच वर्षं माहीत आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचं एक कारण दिसलं: हे स्टेरॉइड कॅथेलिसिडिन दाबतं आणि त्यामुळे जंतूंना मोकळीक मिळते. हे वाचून कोणीही आपला पंप बंद करू नये. ज्यांना दम एकदम बळावण्याचे झटके वारंवार येतात त्यांना त्याचा फायदा तोट्यापेक्षा मोठा असतो. फक्त कोणाला द्यायचं, कोणाला नाही, हे पारखून ठरवावं लागतं, आणि ते काम तुमच्या डॉक्टरांचं आहे.

बाबांना फ्लू आणि न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा एक जंतू) यांची लस दिली आहे का? नसेल तर या आठवड्यात विचारा. पेप्टाइडांच्या मागे लागण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

---

मीठ_आणि_लेक | सकाळी ७:२०

रात्रीच वाचला धागा, झोप आली नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे, फुप्फुसातला स्राव घट्ट होणारा जन्मजात आजार. निदान व्हायला तीन वर्षं लागली. तोवर निमोनिया, दमा, टीबी, सगळ्याची औषधं झाली. शेवटी माझ्या सासूबाई म्हणाल्या, पोरीचा मुका घेतला की ओठ खारट होतात. ती गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली, मग घामाची तपासणी झाली.

नागपुरातला उन्हाळा आमच्यासाठी परीक्षा असते. तिच्या घामातून इतकं मीठ जातं की मे महिन्यात दोनदा ती एकदम गळून पडली होती. आता डबा, पाणी, सगळ्यात मोजून मीठ असतं.

माझा प्रश्न असा. मी कुठेतरी वाचलं होतं की या आजारात फुप्फुसातल्या द्रवात मीठ जास्त असतं आणि मिठामुळे डिफेन्सिन निकामी होतं. मग आमचे डॉक्टर तिला रोज खारट पाण्याची वाफ का देतात, तीही ७ टक्क्यांची? मी गेली दोन वर्षं रोज सकाळी मशीन लावताना हा विचार करते. आणि दुसरं औषध आहे डॉर्नेज, ते फार महाग आहे. तेही पेप्टाइडशी संबंधित आहे का?

---

पारिजात_नागपूर | सकाळी ८:०५

ताई, तुमच्या सासूबाईंच्या निरीक्षणाला नमस्कार. आणि तुमच्या प्रश्नाने मला सकाळपासून वाचायला बसवलं आहे.

तुम्ही वाचलंत ती कल्पना १९९६-९७ च्या सुमाराची. तेव्हा असं दिसलं होतं की सिस्टिक फायब्रोसिसच्या पेशींवरचा द्रव जंतू मारत नाही, पण मीठ कमी केलं की मारू लागतो. बीटा डिफेन्सिन-१ मिठाला संवेदनशील आहे हेही दिसलं. कल्पना सुटसुटीत होती आणि खूप गाजली. पण पुढे अनेकांनी द्रव मोजला तेव्हा मिठाच्या फरकाबद्दल एकमत झालं नाही. मग दुसरी बाजू पुढे आली. ज्या प्रथिनात या आजारात बिघाड असतो, (त्याचा जीन १९८९ मध्येच सापडला होता) ते क्लोराइडबरोबर आम्लता कमी करणारं बायकार्बोनेटही बाहेर सोडतं. ते न सुटल्यामुळे द्रव आम्लधर्मी होतो. २०१२ मध्ये हा आजार असलेल्या डुकरांच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की द्रवाची आम्लता कमी केली की जंतू मारण्याची ताकद परत येते. म्हणजे पेप्टाइड होतं, त्याला काम करायला पाणी योग्य नव्हतं.

आता खारट वाफ. तिचं पहिलं काम म्हणजे पाणी ओढून घेऊन घट्ट बेडका सैल करणं, त्याने तो खोकून बाहेर पडतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत ७ टक्क्यांच्या वाफेने आजार बळावण्याचे प्रसंग स्पष्टपणे कमी झाले होते. दुसरं काम आपल्या विषयातलं आहे. त्या बेडक्यात ऋण भाराचे लांब रेणू भरलेले असतात. धन भाराचं एलएल-३७ जंतूऐवजी त्यांनाच चिकटून बसतं. मीठ वाढलं की ही पकड सुटते आणि अडकलेलं एलएल-३७ मोकळं होतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

डॉर्नेजही याच वाटेचं आहे. मेलेल्या न्यूट्रोफिलांचा डीएनए बेडक्यात धाग्यासारखा पसरतो, त्यानेच तो इतका चिवट होतो. डीएनएवर ऋण भार, म्हणून तोही एलएल-३७ ला धरून ठेवतो. डॉर्नेज डीएनएचे तुकडे करतं. बेडका पातळ होतो आणि प्रयोगशाळेत तरी पेप्टाइडची ताकद परतताना दिसते. म्हणजे तुम्ही रोज सकाळी लेकीला नवीन पेप्टाइड देत नाही, तिचं स्वतःचंच सोडवून देता.

---

मीठ_आणि_लेक | सकाळी ८:३१

शेवटची ओळ तिला वाचून दाखवली. मशीन लावायला आज हट्ट केला नाही. धन्यवाद ताई.

---

सहा_महिने_पूर्ण | दुपारी १:१०

मला तीन वर्षांपूर्वी फुप्फुसाचा क्षय झाला होता, सरकारी उपचार पूर्ण केले, आता ठणठणीत आहे. उपचारादरम्यान खूप जणांनी ऊन घे, व्हिटॅमिन डी घे असं सांगितलं. त्यात तथ्य आहे का? मी गोळ्या एकही दिवस चुकवल्या नाहीत, पण ऊन घेतलं नाही याची कुठेतरी रुखरुख आहे.

---

श्वासमार्ग | दुपारी २:४५

रुखरुख काढून टाका. तुम्ही जे केलंत तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं.

उन्हाची कल्पना जुनी आहे. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार केल्याबद्दल नील्स फिन्सेन यांना १९०३ चं नोबेल मिळालं होतं. तेव्हा क्षयाला औषध नव्हतं, म्हणून पेशंट उन्हात झोपवत. व्हिटॅमिन डी-चं गणित २००६ मध्ये जुळलं. क्षयाचा जंतू ओळखला की मॅक्रोफेज ही जंतू गिळणारी पेशी रक्तातल्या व्हिटॅमिन डी-चं स्वतःच कार्यक्षम रूप बनवते, त्याने कॅथेलिसिडिनचा जीन चालू होतो, आणि जंतूची वाढ रोखली जाते. रक्तात डी कमी असेल तर हे नीट होत नाही. उंदरांच्या या जीनवर व्हिटॅमिन डी-ने दाबलं जाणारं हे बटणच नसतं, त्यामुळे उंदरांवर हे तपासता येत नव्हतं.

पण पेशीत दिसलेलं माणसात उतरलं का? २०११ च्या लंडनच्या चाचणीत क्षयाच्या औषधांसोबत व्हिटॅमिन डी दिल्याने बेडका जंतुमुक्त व्हायचा वेळ एकूण गटात लक्षणीय कमी झाला नाही. मंगोलियात आठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला व्हिटॅमिन डी दिलं, २०२० मध्ये निकाल आला: क्षयाचा संसर्ग कमी झाला नाही. साध्या सर्दी-न्यूमोनियाबाबतही २०१७ च्या एकत्रित विश्लेषणात थोडा फायदा दिसला होता, नंतरच्या चाचण्या जोडल्या तसा तो आकसत गेला. एकदम मोठे डोस देण्याने तर फायदा दिसलाच नाही. पारिजातताईंच्या बाबांनी निवडला तो नेमका सगळ्यात निरुपयोगी रस्ता होता, हे दुःखाने म्हणतो.

---

गोरेवाडा_रोड | सायंकाळी ६:२०

मग हे पेप्टाइडच औषध म्हणून सरळ फुप्फुसात का देत नाहीत? सध्या अँटिबायोटिक चालेनाशी झाली आहेत असं सगळे म्हणतात.

---

श्वासमार्ग | रात्री ९:१०

प्रयत्न बरेच झाले. अडचणी तुम्ही वर वाचल्याच: फुप्फुसातली एन्झाइमं ते कापतात, डीएनए अडकवून ठेवतो, डोस वाढवावा तर आपल्याच पेशी फुटतात, आणि बनवायला महाग.

पण याच पद्धतीने मारणारं एक औषध आम्ही वापरतो, कोलिस्टिन. ते मातीतल्या जंतूपासून मिळालेलं पेप्टाइड आहे, धन भाराचं, पटलावरच हल्ला करणारं. मूत्रपिंडाला जाचक म्हणून ते मागे पडलं होतं. इतर काही चालत नाही तेव्हा आता तेच शिरेतून किंवा वाफेतून द्यावं लागतं. अतिदक्षता विभागात कोलिस्टिन लिहिताना हात जड होतो, कारण त्यापुढे फारसं काही उरलेलं नसतं. आणि हेच औषध कोंबड्यांना वजन वाढावं म्हणून खाद्यातून देत होते. २०१५ मध्ये चीनमध्ये एमसीआर-१ हा जीन सापडला, तो एका जंतूतून दुसऱ्यात सहज जातो आणि पटलाचा ऋण भार कमी करतो, म्हणून कोलिस्टिन नीट चिकटत नाही. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरायला बंदी घातली.

यातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट २०२३ मध्ये समोर आली. एमसीआर-१ असलेले जंतू माणसाच्या आणि प्राण्यांच्या स्वतःच्या पेप्टाइडांनाही जास्त दाद देईनासे होतात, असं त्या अभ्यासात दिसलं. म्हणजे औषध बेफिकिरीने वापरल्याने नुसतं औषध जात नाही, जन्मापासून अंगात असलेलं संरक्षणही बोथट होऊ शकतं. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणाऱ्या दुकानाला नाही म्हणा, एवढी हात जोडून विनंती.

---

पारिजात_नागपूर | रात्री १०:२५

डॉक्टर, मनापासून आभार. आज दोन्ही लसींबद्दल विचारून आले. फ्लूची लगेच दिली, न्यूमोकोकसची पुढच्या भेटीत. कॅल्शियम ९.९ वर आलंय.

संध्याकाळी बाबांना हा अख्खा धागा वाचून दाखवला. ऐकून त्यांनी एकच विचारलं: "म्हणजे माझा बेडका हिरवा होतो, तो या भांडणाचाच रंग का?"

हो, खरंच तसं आहे. न्यूट्रोफिलमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते मुळातच हिरवं असतं. पेशीच्या ज्या कणिकांत ते साठवलेलं असतं, त्याच कणिकांत अल्फा डिफेन्सिन आणि इलास्टेजही असतात. बेडका हिरवा झाला म्हणजे खूप न्यूट्रोफिल आले आणि फुटले. दर वेळी त्याचा अर्थ अँटिबायोटिक असा नसतो, पण रंग बदलला, बेडका वाढला आणि दमही वाढला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं.

हे ऐकून बाबा उठले आणि स्वयंपाकघरातल्या, दुधाचा हिशेब लिहितो त्या कॅलेंडरपाशी गेले. आजच्या चौकोनात दीड लिटरच्या खाली त्यांनी पेनने लिहिलं, 'पांढरट, थोडा'.